‘ऐ मेरे वतन के लोगो’ आणि १९६५ : विनोदी मालिकेतील ही चूक कोणत्या रकान्यात नोंदवावी?

प्रश्न : नोंदवहीकार

नमस्कार. दीर्घकाळ चाललेल्या विनोदी मालिकांमधील चुकांची यादी आम्ही काही मित्र मिळून करत आहोत. यादीत सध्या दोन रकाने आहेत. पहिल्यात सातत्याच्या चुका जातात : एका कोनातून अर्धा रिकामा दिसणारा पेला लगेच दुसऱ्या कोनातून काठोकाठ भरलेला दिसतो, किंवा आतल्या बाजूला उघडणारा दरवाजा पुढच्या भागात बाहेर उघडू लागतो. दुसऱ्यात तपशिलाच्या चुका जातात, म्हणजे मालिकेबाहेरच्या खऱ्या जगाविषयी सांगितली गेलेली चुकीची माहिती. बहुतेक नोंदी विनासायास कुठल्या तरी एका रकान्यात बसतात. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’च्या एप्रिल २०२२ मधील एका भागाने मात्र आमच्यात चांगलाच वाद लावून दिला आहे.

त्या भागात लता मंगेशकर यांच्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ या गाण्याचा उल्लेख येतो आणि ते १९६५ साली आले असे सांगितले जाते. भाग प्रसारित झाल्यावर निर्माते असित मोदी आणि मालिकेच्या चमूने समाजमाध्यमांवर दिलगिरी व्यक्त केली. साल अनवधानाने चुकीचे सांगितले गेले, गाणे २६ जानेवारी १९६३ रोजी आले होते, असे त्यांनी स्पष्ट केले आणि पुढे काळजी घेण्याचे आश्वासनही दिले.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की मालिका जिथे घडते त्या गोकुळधाम सोसायटीतली माणसे काही इतिहासाचे प्राध्यापक नाहीत. गप्पांच्या ओघात कुणाचेही साल चुकते, तेव्हा ही चूक पात्राच्या खात्यावर टाकून मोकळे व्हावे. दुसऱ्याचे म्हणणे असे की ज्यांची चूक त्यांनीच ती मान्य केली, त्यामुळे नोंद ठेवण्याचे कारणच उरत नाही. मला दोन्ही पटत नाही. पण का पटत नाही, हे नेमकेपणाने मांडता येत नाही. पात्राची चूक आणि लेखकाची चूक ओळखायची कशी? समाजमाध्यमावर दुरुस्ती आली म्हणजे भागातील चूक मिटली, असे धरावे का? आणि टप्पू, सोनू या मालिकेतील मुलांचे कलाकार बदलले, ही सातत्याची चूक मानावी का? हा तिसरा प्रश्न मला स्वतःला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, पण यादीसाठी येणाऱ्या सूचनांमध्ये त्याचाच भरणा सर्वाधिक असतो.

उत्तर : चितळकरप्रेमी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच दृश्याच्या पुढच्या काही क्षणांत शोधावे. पात्राने चुकीचे बोलणे हे विनोदी मालिकेचे हुकमी साधन आहे. याच मालिकेत दुकानात काम करणाऱ्या नट्टूकाकांचे इंग्रजी वर्षानुवर्षे विनोदाचा विषय होते. पण लेखकाने चूक मुद्दाम घातलेली असते तेव्हा तिची दखलही तोच घेतो : समोरचा चमकून पाहतो, कुणीतरी दुरुस्ती सुचवते, निदान पार्श्वसंगीताचा एक ठोका तरी पडतो. १९६५ हे साल कुणाच्याही भुवया न उंचावता पार पडले आणि नंतरच्या निवेदनात ‘अनवधानाने’ असेच म्हटले गेले. म्हणजे ती लेखनाच्या टेबलावरची चूक आहे, पात्राच्या स्वभावाशी तिचा काही संबंध नाही.

आता मूळ तपशिलाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही चूक केवळ दोन वर्षांच्या फरकाची नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनबरोबरच्या युद्धात धारातीर्थी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ कवी प्रदीप यांनी हे गीत लिहिले. संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांचे. जानेवारी १९६३ मध्ये, प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने, दिल्लीत राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत लताबाईंनी ते प्रथम गायले. गाणे ऐकून नेहरूंचे डोळे पाणावले, ही आठवण तर गाण्याच्या जोडीनेच सांगितली जाते. किंबहुना गाण्याविषयी एकच गोष्ट ठाऊक असलेल्या माणसालाही ती ठाऊक असते. आणि नेहरूंचे निधन २७ मे १९६४ रोजी झाले. १९६५ साली ते गाणे ऐकायला नेहरू हयातच नव्हते. पंतप्रधानपदी लालबहादुर शास्त्री होते आणि युद्ध झाले ते पाकिस्तानबरोबर. संहिता वाचणाऱ्यांपैकी एकाने जरी ‘मग नेहरू रडले ते कधी?’ असे विचारले असते, तर कोणताही संदर्भग्रंथ न उघडता चूक हाती लागली असती.

१९६५ हा आकडा आला कुठून, याविषयी माझा तर्क असा आहे की दोन युद्धे आणि त्यांच्या भोवतीची देशभक्तीची गाणी अनेकांच्या मनात एकाच गठ्ठ्यात ठेवलेली असतात. शिवाय हे गैरफिल्मी गाणे आहे. चित्रपटातील गाण्याचे साल चित्रपटाच्या सालावरून पडताळता येते. इथे तसा आधार नाही, त्यामुळे स्मरणावर भिस्त ठेवली जाते. तरीही या प्रसंगी सूट द्यावीशी वाटत नाही. लताबाईंचे निधन ६ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले होते. त्यानंतरचे काही आठवडे वर्तमानपत्रांपासून आकाशवाणीपर्यंत सर्वत्र या गाण्याची जन्मकथा सालासह सांगितली जात होती आणि हा भाग त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी आला.

दुरुस्तीतील तारखेविषयीही आपल्या यादीत सावधपणे लिहा. गाणे प्रथम गायले गेले तो दिवस काही ठिकाणी २६ जानेवारी तर काही ठिकाणी २७ जानेवारी असा दिलेला आढळतो, आणि कार्यक्रमाचे ठिकाणही कुणी नॅशनल स्टेडियम तर कुणी रामलीला मैदान असे देते. शिवाय गाणे जाहीरपणे गायले जाणे आणि त्याची ध्वनिमुद्रिका बाजारात येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. निवेदनात त्यांतील भेद स्पष्ट होत नाही. १९६३ या सालाबद्दल मात्र कुठेही दुमत नाही. आपल्या नोंदीत ‘जानेवारी १९६३’ एवढेच लिहिणे पुरेसे आणि निर्धोक आहे.

उत्तर : पडद्यामागचा

काही काळ एका दैनंदिन मालिकेत सहायक दिग्दर्शकाचे काम केले आहे (ही मालिका नव्हे), म्हणून दोन्ही रकान्यांतील चुका कशा घडतात, त्याविषयी लिहितो.

सातत्याची जबाबदारी नेमून दिलेली असते. प्रत्येक दृश्याच्या शेवटी कुणाच्या हातात काय होते, ओढणी कोणत्या खांद्यावर होती, घड्याळात किती वाजले होते, याची छायाचित्रे घेतली जातात आणि सहायक ती पुढच्या दृश्याआधी तपासतो. तरीही चुका होतात, कारण चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. ‘तारक मेहता’मध्ये तर इमारतींचे दर्शनी भाग, गच्चीखालचे आवार आणि सज्जे एका सेटवर, तर घरांचे अंतर्भाग दुसऱ्या सेटवर, अशी विभागणी आहे. म्हणजे मालिकेचा नायक जेठालाल सज्जातून आवाज देऊन घरात वळतो, तेव्हा ते वळणे आणि घरात येणे या दोन हालचालींच्या मध्ये काही दिवसांचे अंतर असू शकते. त्याच्या कुर्त्याच्या वरच्या बटणाने ते अंतर ओळखू न येऊ देणे, हेच सातत्य सांभाळणाऱ्याचे काम.

या मालिकेची शैलीही चुकांना आमंत्रण देणारी आहे. एक वाक्य उच्चारले की कॅमेरा हजर असलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून फिरतो. भिडे, अय्यर, सोढी, पोपटलाल, डॉक्टर हाथी असे सगळे जमलेले असले की एका वाक्यामागे पाच-सहा प्रतिक्रिया लागतात. अशा प्रतिक्रिया सहसा सलग घेतल्या जातात, मूळ संवाद चालू असताना नव्हे. समजा, आवारात चहापान चालले आहे. मूळ दृश्य सुरू झाले तेव्हा अय्यरच्या कपातून वाफ येत होती. त्याची प्रतिक्रिया घेण्याची वेळ येईपर्यंत चहावर साय धरलेली असते. कप बदलला तर नव्या कपाचा कान डावीकडे की उजवीकडे, हे सातत्यवाला ओरडून सांगतो. पण चहाची पातळी किती होती, हे त्याच्या छायाचित्रात दिसत नाही, कारण ते समोरून घेतलेले असते. काठोकाठ भरलेले पेले जन्माला येतात ते असे.

तपशिलाच्या चुकीसाठी मात्र असा जबाबदार माणूस नेमलेला मी पाहिला नाही. कथा एकजण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. सालाचा आकडा बहुधा संवादाच्या टप्प्यावर येतो आणि तो टप्पा सर्वांत घाईचा असतो. संवादाचे कागद कलाकार मेकअपला बसलेला असताना हातात पडतात, ही दैनंदिन मालिकांतील नित्याची गोष्ट आहे. वाहिनीकडून भाग तपासला जातो तेव्हा कुणाच्या भावना दुखावतील का, एखाद्या कंपनीचे नाव दिसते का, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते. १९६५ की १९६३, याने कुणाच्या भावना दुखावतील असे त्या क्षणी कुणाला वाटत नाही. सुमारे वीस-बावीस मिनिटांचा मजकूर आठवड्यातून पाच-सहा दिवस द्यायचा असेल, तर अशा चुका किती होतील यापेक्षा किती कमी होतात, याचेच मला नवल वाटते. चूक गंभीर नाही, असे मला म्हणायचे नाही. ती कुठून येते, एवढेच सांगितले.

उत्तर : सोसायटीचा सभासद

नोंदवहीकार, तुमच्या दोन रकान्यांत न बसणारा एक प्रकार सुचवतो. मार्च २०२० मधील एका भागात सोसायटीच्या फलकावर लिहायच्या सुविचाराच्या भाषेचा विषय निघतो, आणि जेठालालचे वडील चंपकलाल, म्हणजे सोसायटीचे ‘बापूजी’, मुंबईची सर्वसाधारण भाषा हिंदी असल्याचे सांगतात. महाराष्ट्र नवनिर्माण चित्रपट सेनेचे अमेय खोपकर यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि असित मोदी यांनी दिलगिरी व्यक्त केली.

ही तपशिलाची चूक आहे का? महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याची राजभाषा मराठी आहे. चंपकलाल राजभाषेविषयी बोलले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. त्यांनी वापरलेली कल्पना मात्र सैल आहे. बाजारातील व्यवहाराची भाषा, जास्तीत जास्त लोकांची मातृभाषा आणि वेगवेगळ्या प्रांतांतील शेजाऱ्यांनी आपसांत बोलायची भाषा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका वृद्ध कच्छी गृहस्थाचे त्याविषयी स्वतःचे मत असू शकते. तेव्हा चंपकलाल असे बोलले, यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हे वाक्य गोकुळधाममध्ये बिनविरोध पार पडले यावर. ज्या सोसायटीचा ‘एकमेव सेक्रेटरी’ आत्माराम तुकाराम भिडे आहे, शिकवण्या घेणारा, प्रत्येक बाबतीत ‘आमच्या काळी’ अशी सुरुवात करणारा, स्कूटरला ‘सखाराम’ म्हणून जिवापाड जपणारा भिडे, त्या सोसायटीत हे विधान ऐकून भिड्याने चष्मा सावरून एक वाक्य तरी बोलायला हवे होते. बापूजींचा मान राखून, हात जोडून बोलला असता. पण बोलला असता. तो गप्प राहिला, ही स्वभावाच्या सातत्याची चूक आहे. कपातल्या चहाच्या पातळीपेक्षा मला ती जास्त खटकते, कारण बारा वर्षे उभे केलेले पात्र लेखकाने त्या दृश्यापुरते फर्निचर करून टाकले.

विषय निघालाच आहे म्हणून जाता जाता : महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत व्यवस्थापक समिती असते, तिला अध्यक्ष आणि खजिनदार असतात, मुदत पाच वर्षांची असते आणि निवडणूक घ्यावी लागते. भिडेसाहेब २००८ पासून एकहाती सोसायटी चालवत आहेत. आमच्या इमारतीत असे चालले असते तर उपनिबंधकांची नोटीस केव्हाच आली असती. पण हे तुमच्या यादीत घालू नका. इथे वास्तव वाकवल्याशिवाय विनोदच उभा राहत नाही.

उत्तर : एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितो आहे. तिसऱ्या प्रश्नासाठी इथल्या एका मालिकेचा दाखला उपयोगी पडेल. ‘फ्रेंड्स’च्या २२ सप्टेंबर १९९४ रोजी प्रसारित झालेल्या पहिल्याच भागात मोनिका रेचेलची चँडलरशी ओळख करून देते, जणू दोघे प्रथमच भेटत आहेत. नोव्हेंबर १९९८ मधील थँक्सगिव्हिंगच्या भागात मात्र १९८७ सालच्या आठवणीत तीच दोघे एकाच घरात दिसतात. ही सातत्याची अस्सल चूक आहे : प्रेक्षकाने दोन्ही भाग खरे मानले तर गोष्ट कोसळते. याउलट मोनिकाच्या घराचा क्रमांक सुरुवातीच्या भागांत ५ होता आणि पुढे तो २० झाला, कारण इतक्या वरच्या मजल्यावरील घराला ५ हा क्रमांक शोभत नाही, हे निर्मात्यांच्या लक्षात आले. गाजावाजा न करता केलेली ही दुरुस्ती आहे. नोंद घ्यावी, पण दोषाच्या रकान्यात नको.

कलाकार बदलणे या दोन्हींत मोडत नाही. भव्य गांधींच्या जागी २०१७ मध्ये राज अनाडकट आले आणि २०२३ मध्ये नितीश भलूनी आले, तरी टप्पूचा बाप, घर आणि खोड्या त्याच राहिल्या. नाटकात एका प्रयोगाला बदली नट उभा राहिला, तर प्रेक्षक त्याला संहितेतील विसंगती म्हणत नाहीत. कलाकार बदलल्यावर आधी घडलेली एखादी घटना पात्र विसरले, तर ती चूक होईल.

मला या मालिकेत खरी गंमत वाटते ती काळाची. गणेशोत्सव, दिवाळी, होळी दरवर्षी खऱ्या पंचांगानुसार येतात, २०२० ची टाळेबंदीही गोकुळधाममध्ये आली. पण २००८ मध्ये शाळेत जाणारी टप्पूसेना, म्हणजे टप्पू आणि त्याची मित्रमंडळी, चौदा वर्षांनीही शिक्षणातच अडकलेली होती आणि पोपटलालचे लग्न काही जमत नव्हते. बाहेरचे घड्याळ चालू आणि घरातले बंद, असा हा कारभार आहे. प्रेक्षकांना तो मान्य आहे. मात्र ज्या मालिकेने बाहेरचे घड्याळ स्वतःहून स्वीकारले, तिला १९६३ चे १९६५ करण्याची मुभा उरत नाही. पूर्णपणे काल्पनिक गावात घडणाऱ्या मालिकेला कदाचित ती मिळाली असती.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : नोंदवहीकार

सर्वांचे आभार. १९६५ ची नोंद तपशिलाच्या रकान्यात, लेखनातील चूक म्हणून जाईल आणि दुरुस्ती ‘जानेवारी १९६३’ अशी दिली जाईल. स्वभावाच्या सातत्यासाठी तिसरा रकाना उघडतो आहे, भिडे यांच्या मौनाने त्याची सुरुवात होईल. कलाकार बदलाच्या सूचना यापुढे घेणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहिले : समाजमाध्यमावर दिलेल्या दुरुस्तीने चूक मिटते का? तो भाग पुनःप्रसारणात किंवा मोबाइलवर पाहणाऱ्याला निवेदन दिसणार नाही, असे मला वाटते. प्रत्यक्ष भागात असा एखादा शब्द बदलता येतो का?

उत्तर : पडद्यामागचा

तुमची शंका रास्त आहे. भाग वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा दाखवले जातात आणि निवेदन दोन दिवसांत खाली सरकून दिसेनासे होते. तेव्हा नोंद कायम ठेवा आणि शेजारी ‘निर्मात्यांनी दुरुस्ती जाहीर केली’ असे लिहा. भाग बदललेला आढळला, तर त्याच ओळीत तसे जोडता येईल.

शब्द बदलणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसते. कलाकाराला बोलावून एवढाच आकडा डबिंगच्या खोलीत पुन्हा म्हणवून घ्यायचा. अडचण ओठांची असते. ‘पैंसठ’ म्हणताना ओठ मिटतात, ‘तिरसठ’ म्हणताना मिटत नाहीत. चेहरा जवळून दिसत असेल तर प्रेक्षकाला काहीतरी बिनसल्याचे लगेच जाणवते. अशा वेळी संकलक तो शब्द येतो त्या क्षणी दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा दाखवतो आणि आकडा नुसता कानावर पडू देतो. ऐकणाऱ्यांचे चेहरे या मालिकेत प्रत्येक वाक्यामागे चित्रित करून ठेवलेले असतात, त्यामुळे त्यासाठी नवे चित्रीकरणही करावे लागले नसते.